स्किला, खारिब्डिस आणि केटोस: ग्रीकांच्या दर्यातले राक्षस आले कुठून?

गलबत | रवि, रात्री १०:१२

मागच्या वर्षी रोमहून सिसिलीला रेल्वेनं गेलो. इटलीच्या बुटाचं टोक येतं तिथे विला सान जोव्हान्नी नावाचं स्टेशन आहे. तिथे आमची गाडी थांबली, मग तिचे दोन तुकडे झाले आणि ते तुकडे आम्हा प्रवाशांसकट एका बोटीच्या पोटात ढकलले गेले. हो, रेल्वे बोटीत चढते. डब्यातून उतरून लोखंडी जिन्यानं वर डेकवर आलो तेव्हा समोर सिसिलीचं मेस्सिना शहर दिसत होतं आणि मधलं पाणी विचित्र वागत होतं. वारा नव्हता. तरी एका पट्ट्यात लाटा उभ्या राहिल्यासारख्या उकळत होत्या आणि त्याला लागून दुसरा पट्टा तेल ओतल्यासारखा गुळगुळीत, मधूनच गोल गोल फिरणारा. हद्द इतकी स्पष्ट, की कुणी सुरीनं कापलीय असं वाटावं.

हीच ती जागा. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या बाराव्या सर्गात किर्के ही मायाविनी, ट्रॉयच्या युद्धावरून घरी निघालेल्या ओडिसियसला पुढचा मार्ग समजावून सांगते. एका बाजूला उंच कडा, त्याच्या मध्यावर गुहा, गुहेत स्किला. बारा पाय, सहा लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा. आवाज मात्र कुत्र्याच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लासारखा. समोरचा खडक बुटका, त्यावर अंजिराचं झाड आणि खाली खारिब्डिस. ती दिवसातून तीनदा काळं पाणी गिळते आणि तीनदा ओकते. किर्केचा सल्ला असा: स्किलाच्या कड्याला चिकटून जोरात वल्ही मार. सहा माणसं जातील, पण सगळं जहाज जाण्यापेक्षा ते बरं.

होमरनं गावाचं नाव सांगितलेलं नाही. पण इसवीसनपूर्व पाचव्या शतकात थ्युसिडिडीस हा इतिहासकार सरळ लिहितो, की इटलीच्या टोकावरचं रेगियम आणि मेस्सिना यांच्यामधलं जे पाणी आहे तीच खारिब्डिस म्हणतात ती. कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर आजही शिल्ला नावाचं गाव आहे, कड्याच्या पायथ्याशी घरं अगदी पाण्यात उतरलेली.

आता पाण्याचं शास्त्र. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाही असं आपण शाळेत शिकलो. मेस्सिनाजवळ पाण्याची चढउतार खरोखरच वीतभर, पंचवीस-तीस सेंटिमीटर. गोम अशी, की सामुद्रधुनीच्या उत्तरेला तिऱ्हेनियन समुद्र, दक्षिणेला आयोनियन, आणि दोघांच्या भरतीच्या वेळा जवळजवळ उलट्या. एकीकडे भरती तेव्हा दुसरीकडे ओहोटी. मधली वाट जिथे सर्वांत अरुंद तिथे जेमतेम तीन किलोमीटर, आणि तिथेच तळाला ऐंशी मीटरवर उंबरठा. दोन्हीकडे मात्र समुद्र खोल खोल उतरत जातो. म्हणजे दोन मोठ्या हौदांमध्ये एक अरुंद, उथळ मोरी. पाणी त्यातून पाच नॉट (तासाला साधारण नऊ किलोमीटर) आणि कधी त्याहूनही जास्त वेगानं धावतं, सुमारे सहा तासांनी दिशा बदलतं. त्यात आयोनियनचं पाणी अधिक गार, खारट, म्हणून जड. ते वर चढतं आणि तिऱ्हेनियनच्या पाण्याखाली घुसतं. किनाऱ्यालगत मुख्य प्रवाहाच्या उलटे वाहणारे छोटे प्रवाह असतात, त्यांना तिथले खलाशी चक्क ‘बास्तार्दी’ म्हणतात. अर्थ सांगायला नको.

या खालून वर येणाऱ्या पाण्याबरोबर खोल समुद्रातले मासे फेकले जातात. मेस्सिनाच्या उत्तर टोकाजवळच्या वाळूवर वादळी रात्रीनंतर सकाळी कधी कधी ते सापडतात. एरवी शेकडो मीटर खाली अंधारात राहणारे. एक असतो चांदीच्या पत्र्यातून कापल्यासारखा, बोटाएवढा, पोटाशी दिव्यांची रांग आणि डोळे आभाळाकडे वळलेले. दुसरा काळपट, सापासारखा, दात इतके लांब की तोंड मिटलं तरी बाहेरच. १८५९-६० च्या हिवाळ्यात अर्न्स्ट हेकेल हा जर्मन जीवशास्त्रज्ञ इथेच येऊन सूक्ष्म जीव गोळा करत बसला होता, कारण खोल पाण्यातलं जे इतरत्र हाती लागत नाही ते इथे किनाऱ्याशी मिळतं.

माझं म्हणणं थोडक्यात: खारिब्डिस हा प्राणी नाही, ती एक जागा आहे. ग्रीकांचे बरेचसे समुद्री राक्षस असेच ‘इथे पाणी असं वागतं’ हे लक्षात ठेवण्याच्या युक्त्या असाव्यात. नकाशे नव्हते, गोष्टी होत्या. तुम्हाला काय वाटतं? केटोस, हायड्रा असे आणखी राक्षस, जे माहीत असेल ते टाका.

चौकस | रवि, रात्री १०:४०

झकास लेख. म्हणजे हे ग्रीकांचं ‘इकडे आड तिकडे विहीर’.

गलबत | रवि, रात्री १०:५१

@चौकस, अगदी तसं नाही हो. आड आणि विहीर सारखेच वाईट, निवड करायला वाव नाही. इथे किर्के हिशेब मांडून देते: इकडे सहा, तिकडे सगळे. आणि ओडिसियस तो हिशेब स्वतःपाशी ठेवतो. भोवऱ्यापासून लांब राहा एवढंच सुकाणूवाल्याला सांगतो, स्किलाबद्दल चकार शब्द नाही. कळलं असतं तर वल्ही टाकून सगळे तळाशी लपले असते म्हणतो. सगळं जहाज एका बाजूच्या भोवऱ्याकडे बघत असताना दुसऱ्या बाजूनं सहाजण उचलले जातात.

शंकेखोर | सोम, सकाळी ८:०५

लेख रंजक आहे, पण ‘हीच ती जागा’ हे फार खात्रीनं लिहिलंत.

एक, होमर म्हणतो दोन खडकांमधलं अंतर बाण पोचेल इतकं. तीन किलोमीटर बाण मारणारा धनुर्धर महाभारतातच सापडेल. दोन, होमर म्हणतो दिवसातून तीनदा. प्रवाह सहा तासांनी उलटत असेल तर गिळणं दोनदा, ओकणं दोनदा. तिसऱ्यांदा काय करते ती?

तीन, हा वाद तुमच्या-आमच्या आधी दोन हजार वर्षं होऊन गेलाय. इरॅटोस्थेनिस, तोच तो पृथ्वीचा परीघ मोजणारा, म्हणाला होता की ओडिसीतली ती वाऱ्यांची पिशवी शिवून देणारा चांभार तुम्हाला सापडला, की ओडिसियस कुठे कुठे भटकला तेही सापडेल. स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकारानं हे नोंदवून ठेवलंय, अर्थात त्याला झोडपण्यासाठी. मी चांभाराच्या बाजूचा.

गलबत | सोम, सकाळी ९:२०

चांभार मान्य :) पण ‘तीनदा’वर उत्तर आहे. स्ट्रॅबोनंच पॉलिबियस या इतिहासकाराचं मत दिलंय: दोनदाऐवजी तीनदा ही एकतर नक्कल करणाऱ्याची चूक किंवा माहितीतली चूक. म्हणजे प्रवाह किती वेळा उलटतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बंदरावरचा | सोम, दुपारी १:३०

मी जहाजावर नोकरी केलेला माणूस, मूळ गाव खाडीच्या तोंडावर. दोन शब्द बोलतो.

आपल्याकडे मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. तिथे वीतभर. तरी मेस्सिनातून जाताना आमच्या कॅप्टननं सगळ्यांना जागं ठेवलं होतं. मला तेव्हा आश्चर्य वाटलेलं. पाणी किती चढतं याला महत्त्व नाही, किती थोड्या जागेतून किती पाण्याला जायचंय याला आहे. आमच्या खाडीच्या मुखाशी सुकतीला आतलं पाणी बाहेर पडताना समोरून वारा असला की लाटा अशा उभ्या राहतात की मचवा नाचतो. तिथे एक भोवरा पडतो, त्याला वेळ आहे. म्हातारे खलाशी सांगायचे, ‘अमुक वेळी तिथे जाऊ नको, ती जागी असते’. कोण ती, असं विचारलं की गप्प. मी बाराचौदा वर्षांचा असेन, पण ती कोण हे कळलं नाही तरी वेळ पाठ झाली. गलबत म्हणतात ते मला पटतं ते यामुळे.

आणि एक. मोठ्या जहाजाला तिथले भोवरे काही करत नाहीत. पण वीस वल्ह्यांची, बिनडेकची होडी असती तर मी तरी कड्याच्या बाजूनंच गेलो असतो. किनाऱ्यालगतचे उलटे प्रवाह लहान होडीला फुकट पुढे नेतात. जोखीम खडकावर आपटायची. एखाददुसरा गडी वल्ह्यासकट जाणार.

सुरमई | सोम, दुपारी ३:१५

स्किला म्हणजे राक्षसी माकूल किंवा ऑक्टोपस हे नेहमीचं स्पष्टीकरण अजून कुणी दिलं नाही याचा आनंद झाला, कारण मला ते मुळीच पटत नाही.

ग्रीक लोक ऑक्टोपस खात. अजूनही खातात, बंदरावर दोरीला वाळत घातलेले दिसतात. इसवीसनपूर्व १५०० च्या आसपास क्रीटमधले कुंभार सुरयांवर ऑक्टोपस रंगवत होते, इतके प्रेमानं की प्रत्येक चूषक मोजून घ्यावा. आणि होमर? ओडिसीच्याच पाचव्या सर्गात ओडिसियस खडकाला घट्ट धरतो, लाट त्याला खेचून नेते आणि तळहाताची साल खडकावर राहते. होमर म्हणतो, बिळातून ओढून काढलेल्या ऑक्टोपसच्या चूषकांना जसे खडे चिकटून येतात, तशी. हे स्वतः बिळातून ऑक्टोपस ओढणाऱ्यालाच सुचेल. ज्याला तो इतका जवळून माहीत आहे, तो त्यालाच न ओळखता बारा पायांचा राक्षस करून टाकेल?

मला वाटतं किल्ली दुसरीकडे आहे. स्किला त्या सहाजणांना उचलते त्या क्षणी होमर काय उपमा देतो बघा. पुढे आलेल्या खडकावर बसलेला कोळी लांब काठीनं आमिष टाकतो आणि मासा लागला की तडफडत असलेला वर फेकतो, तसे ते तडफडत वर गेले. त्याआधी किर्केही सांगते, की स्किला कड्याभोवती मासेमारी करते: डॉल्फिन, मुशी आणि जमलं तर त्याहून मोठं काही.

स्किला हा कोळी आहे. माशाच्या बाजूनं बघितलेला.

आणि हे पॉलिबियसलाही दिसलं होतं. शिल्लाच्या कड्यापाशी तलवार मासा कसा मारतात याचं त्यानं केलेलं वर्णन स्ट्रॅबोमध्ये आहे. एक टेहळ्या वर, खाली खूप होड्या, प्रत्येकीत दोघे. एक वल्हवतो, दुसरा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, भाला घेऊन उभा. टेहळ्यानं खूण केली की होडी माशावर. भाल्याचं पातं आकड्याचं, मुद्दाम सैल बसवलेलं, त्याला लांब दोरी. मासा दमेपर्यंत दोरी सोडत राहायची. तलवार इतकी मोठी की होडीच्या फळीतून आरपार जाऊन वल्हवणाराच जखमी होतो म्हणे. हे सगळं सांगून पॉलिबियस म्हणतो, होमरची स्किला असंच काहीतरी करत होती.

ही मासेमारी अजून चालते, थोडी उरलीय. आताच्या बोटींना पंचवीस-तीस मीटर उंच लोखंडी डोलकाठी असते, टेहळ्या तिच्या टोकावर. नाळेतून पुढे तितकाच लांब पूल काढलेला, त्याच्या टोकाला भालेवाला. मासा पृष्ठभागावर झोपल्यासारखा तरंगत असतो. बोटीचा आवाज त्याच्यापर्यंत पोचण्याआधी माणूस त्याच्या डोक्यावर असतो. खाली पाण्यातून तो देखावा कसा दिसत असेल? उंचावरून लांब मान येते आणि एकाला घेऊन जाते.

ओवी | सोम, दुपारी ३:४८

सुरमईताई, अंगावर काटा आला. असं कधी वाचलं नव्हतं.

शंकेखोर | सोम, दुपारी ४:०२

हे मात्र आवडलं. माझ्याकडून दाद. पण मग हा निसर्ग झाला की साहित्य?

सुरमई | सोम, दुपारी ४:३०

@शंकेखोर, मला दोन्ही चालेल. दंतकथांची साधी स्पष्टीकरणं देणाऱ्या पॅलेफॅटससारखं तरी नको. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात त्यानं ठरवलं की स्किला हे चाच्यांच्या वेगवान जहाजाचं नाव होतं, बाकी सगळं लोकांनी वाढवलं. संपली गोष्ट. यापेक्षा राक्षस बरा.

भूस्तर | सोम, रात्री ९:१०

कार्यालयीन काम संपवून आलो, आता जरा लांब लिहितो.

धागा भोवऱ्यावर अडकलाय. ग्रीस आणि दक्षिण इटलीच्या समुद्राचं खरं भय भोवरा नाही, भूकंप आहे. शिल्लाचंच घ्या. ५ फेब्रुवारी १७८३ ला कॅलाब्रियात मोठा भूकंप झाला. घरं पडतील म्हणून गावकरी रात्री वाळूवर आणि होड्यांत झोपायला गेले, गावचा वयोवृद्ध सरदारही त्यांच्यात होता. त्या रात्री पुन्हा धक्का बसला आणि शेजारच्या डोंगराचा कडाच समुद्रात कोसळला. उठलेल्या लाटेनं किनाऱ्यावरची सुमारे दीड हजार माणसं नेली. स्किलाच्या कड्याखाली! २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे मेस्सिनाचा भूकंप आणि त्यामागून त्सुनामी, ७५ हजारांहून अधिक बळी. होमरच्या मनात असलं काही होतं असा माझा दावा नाही. पण या किनाऱ्यावर ‘कडा माणसं खातो’ हे वाक्य अलंकारिक नाही, एवढंच.

आता केटोसकडे येतो. केटोस म्हणजे पोसायडनचा समुद्री राक्षस. देवमाशांच्या गणाला शास्त्रात जे नाव आहे ते याच शब्दावरून. त्याच्या दोन मुख्य कथा: राक्षसाला बळी द्यायला बांधलेली ट्रॉयची राजकन्या हेसिओनी, जिला हेराक्लिसनं सोडवलं, आणि तशीच अँड्रोमेडा, जिला पर्सियसनं. अपोलोडोरसच्या नावावरच्या पुराणकथांच्या संग्रहात दोन्ही वाचा. ट्रॉयच्या कथेत राजा लाओमेडॉन देवांची मजुरी बुडवतो. मग पोसायडन राक्षस पाठवतो, तो पुराच्या पाण्याबरोबर जमिनीवर येतो आणि सपाटीवरच्या लोकांना ओढून नेतो. अँड्रोमेडाच्या कथेतही तसंच: पूर आणि राक्षस, जोडीनं. आधी पाणी येतं. राक्षस पाण्यातून येतो. आणि पोसायडनचं होमरमधलं नेहमीचं विशेषण काय? ‘धरणी हलवणारा’. समुद्राचा देव तोच भूकंपाचा देव, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी दोन गोष्टी एकत्र घडताना पाहिल्या होत्या.

सर्वांत सुंदर पुरावा मला युरिपिडीसच्या ‘हिप्पोलिटस’ नाटकात वाटतो, इसवीसनपूर्व ४२८. हिप्पोलिटस किनाऱ्यानं रथ हाकत चाललाय. दूत येऊन सांगतो त्याचा क्रम पाहा. आधी जमिनीच्या पोटातून गडगडाट, झ्यूसच्या विजेसारखा. मग घोडे कान टवकारतात. मग समुद्राकडे नजर जाते तर आभाळाला टेकलेली लाट, इतकी उंच की समोरचे कडे दिसेनासे झाले. ती फुगत, फेसाळत किनाऱ्याला येते आणि सर्वांत शेवटी तिच्यातून एक रानटी बैल बाहेर पडतो. घोडे उधळतात, हिप्पोलिटस फरफटत जातो.

बैल बाजूला काढा. उरलेलं वर्णन मी भूकंपानंतरच्या पाहणीच्या अहवालात घातलं तर कुणी खोडणार नाही. जमिनीचा आवाज, जनावरांची चाहूल, लाट, याच क्रमानं. आणि दोनच वर्षांनी, ४२६ च्या उन्हाळ्यात, युबिया बेटावर ओरोबियाईला समुद्र आधी मागे हटला आणि मग गावावर चालून आला. थ्युसिडिडीसनं ते नोंदवलं आणि पुढे लिहिलं, की माझ्या मते याचं कारण भूकंप, भूकंपाशिवाय असं होणार नाही. एकाच शहरातली दोन माणसं. एकाला लाटेत बैल दिसला, दुसऱ्याला कारण. आणि अथेन्सच्या लोकांनी त्या बैलाच्या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं!

चौकस | सोम, रात्री ९:३५

आणि हायड्रा? डोकं कापलं की दोन येतात ती.

भूस्तर | सोम, रात्री ९:५०

ती समुद्रातली नाही, लेर्नाच्या दलदलीतली, आर्गोसजवळ. चुनखडीचा डोंगर, पायथ्याशी झरेच झरे. एक तोंड बुजवा, पाणी शेजारी दोन ठिकाणी फुटतं. हे मी म्हणत नाही, व्हर्जिलचा प्राचीन टीकाकार सर्व्हियस म्हणून गेलाय. नाव तर ‘पाणी’ या शब्दावरूनच आहे. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही हे स्पष्टीकरण लगेच पटतं, म्हणून मला त्याचा थोडा संशयही येतो.

लेखणीबाई | मंगळ, सकाळी ७:२०

सगळे भीषण राक्षसच काय? मला ओडिसीतला चौथा सर्ग आवडतो. ‘समुद्राचा म्हातारा’ प्रोटियस, रूपं बदलणारा. दुपारी पाण्यातून वर येतो, आपल्या सीलांच्या कळपाची पाचपाचनं मोजणी करतो आणि धनगरासारखा मेंढरांमध्ये आडवा होतो. त्याला पकडायला स्पार्टाचा राजा मेनेलाउस आणि तिघे गडी ताज्या सोललेल्या सीलच्या कातड्याखाली लपून बसतात. आणि मग काय, वास! मेनेलाउस वर्षांनंतरही त्या वासाचंच रडगाणं गातो: समुद्री जनावराशेजारी कोण झोपेल हो? शेवटी प्रोटियसच्या मुलीलाच दया येते आणि ती प्रत्येकाच्या नाकाखाली अमृत लावते. देवांचं अमृत, व्हिक्स म्हणून!

भूमध्यातला हा सील आठ फुटांपर्यंत वाढतो. आता उरलेत काहीशेच. पूर्वी उघड्या वाळूवर पडून असायचे, आता माणसाला टाळून पाण्याखालून वाट असलेल्या गुहांत पिल्लं देतात. रूपं बदलणारा म्हातारा कसा सुचला असेल त्यासाठी मला फार डोकं चालवावं लागत नाही. ओल्या खडकांमध्ये पडलेला सील खडकच दिसतो, मग त्याला मिशा आणि डोळे फुटतात, आणि पाण्यात गेला की तो तिसराच कुणी.

शंकेखोर | मंगळ, सकाळी ११:४५

जीवाश्मांचा मुद्दा कुणीतरी आणणारच, तर मीच आणतो आणि मीच त्यावर शंका घेतो.

बॉस्टनच्या संग्रहालयात एक कोरिंथी मद्यपात्र आहे, इसवीसनपूर्व ५५० च्या आसपासचं. हेराक्लिस बाण मारतोय, हेसिओनी दगड फेकतेय आणि समोर केटोस. पण हा केटोस चमत्कारिक आहे: काळ्या कड्यातून बाहेर आलेलं नुसतं पांढरं डोकं, कवटीसारखं, जबडा लोंबता. एड्रियन मेयर या अभ्यासक बाईंनी २००० मध्ये मांडलं, की ही डोंगराच्या कड्यातून उघडी पडलेली जीवाश्म कवटी आहे, कदाचित जिराफाच्या एखाद्या नामशेष भाईबंदाची. असल्या जीवाश्मांनी एजियन समुद्राचा परिसर भरलेला आहे हे खरं. सामोस बेटावरच्या मोठ्या हाडांबद्दल ग्रीकांच्या स्वतःच्या कथा होत्या, हेही खरं.

पण कुंभारानं हेराक्लिसचा हात तरी नीट काढलाय का ते आधी बघा. एका हौशी चित्रकाराच्या गुहेतून डोकावणाऱ्या राक्षसावरून प्राणिशास्त्र काढायचं म्हणजे गणपतीच्या मूर्तीवरून हत्तीचं वजन काढण्यासारखं. शिवाय गोष्ट चित्राच्या कितीतरी आधीची. जीवाश्मानं गोष्टीला चेहरा दिला असेल, जन्म नाही.

बंदरावरचा | मंगळ, दुपारी १२:१०

हाडांवरून आठवलं. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं. पिल्लूच, तरी जेसीबी आणि बोट लावून ओढायला किती माणसं लागली. वाचलं नाही बिचारं. नाव मात्र बघा: ग्रीकांचा राक्षस, आपला देव.

ओवी | मंगळ, रात्री १०:०५

हाडांचा विषय निघालाच आहे तर माझी पोतडी उघडते.

पहिलं हाड. अँड्रोमेडाला बांधलं होतं तो खडक आजच्या इस्रायलमधल्या याफाच्या बंदरात असल्याचं जुने लोक सांगत. प्लिनी हा रोमन लेखक लिहितो, की मार्कस स्कॉरस नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं त्या राक्षसाचा सांगाडाच याफाहून रोमला आणून लोकांना दाखवला. हे इसवीसनपूर्व ५८ सालचं. लांबी ४० फूट, बरगड्या भारतीय हत्तीपेक्षा उंच, मणका दीड फूट जाड. मोजमापाला आपला हत्ती! हा देवमासा असणार यात फारशी शंका घ्यायला जागा नाही. शंकेखोर, तुमच्यासाठी थोडी सोडते.

आता कुणी म्हणेल भूमध्यात देवमासे कुठले. आहेत. क्रीटच्या दक्षिणेला समुद्र एकदम खोल होतो, तिथे स्पर्म व्हेल कायमचे राहतात. पण ग्रीकांना ते रोज दिसत नसत. खरे ढिगानं भेटले ते आपल्या अरबी समुद्रात. अलेक्झांडरचा नौसेनापती नीआर्कस इसवीसनपूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाहून इराणकडे निघाला होता. मकरानच्या किनाऱ्यापाशी पहाटे पाण्यातून कारंजी उडताना दिसली. वाटाड्यांनी सांगितलं, हे केटोस. वल्हेकऱ्यांच्या हातातून वल्ही गळून पडली. नीआर्कसनं जहाजांची तोंडं सरळ त्यांच्याकडे वळवली, युद्धात करतात तशी आरोळी ठोकायला लावली, रणशिंगं फुंकली आणि वल्ही आपटत चाल केली. देवमासे घाबरून नाळेपुढे बुडाले आणि मागे जाऊन वर आले, पुन्हा कारंजी उडवत. खलाशांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं एरियन या प्राचीन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. तिथल्या मासेखाऊ लोकांच्या घरांना देवमाशाच्या जबड्याची दारं होती, हेही. ज्याला ग्रीक लोक मुलगी बळी देऊन शांत करत होते त्याच्या हाडांची इथे चौकट होती.

आपल्याकडे महाभारतात-पुराणांत तिमी आणि तिमीला गिळणारा तिमिंगिल येतो, तोही याच पाण्यातला. पण त्यावर वेगळा धागा हवा, इथे सुरू केलं तर गलबत बुडेल.

दुसरं हाड मला जास्त आवडतं. अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाच्या उत्खननात एका विहिरीत मोठं चपटं हाड सापडलं होतं. २००२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते निघालं फिन व्हेल या मोठ्या देवमाशाच्या खांद्याचं हाड. विहिरीतल्या खापरांवरून काळ ठरला इसवीसनपूर्व नवव्या शतकाचा, म्हणजे होमरच्याही आधीचा. कुणीतरी कुठल्याशा किनाऱ्यावर वाहून आलेल्या केटोसचं ते भलंमोठं हाड अथेन्सपर्यंत वाहून नेलं होतं. आणि त्याच्या पृष्ठभागावर धारदार पात्याच्या खुणा आहेत, एकावर एक, कित्येक. ते लोक त्यावर कापाकापी करत होते.

सुरमई | मंगळ, रात्री १०:२२

म्हणजे पाट! राक्षसाच्या खांद्यावर मासे चिरत होती कुणी बाई.

शंकेखोर | मंगळ, रात्री १०:३०

मासे कशावरून? चामडंही असेल.

सुरमई | मंगळ, रात्री १०:३१

मासेच.